हाताने फिरवायचं जनरेटर किट: वीज तयार कशी होते ते मस्त कळतं, घरापर्यंत कशी येते ते मात्र आपण करून दाखवावं लागतं

आधीच सांगून टाकते, घ्या. मुलं साधारण आठ ते तेरा वर्षांची असतील आणि तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत बसणार असाल तर बिनधास्त घ्या. नुसतं हातात देऊन बाजूला व्हायचं असेल तर अर्धं किट खोक्यातच पडून राहील, कारण जनरेटरचा भाग मुलं आपली आपण करतात पण त्यापुढचा लाईन, खांब, ट्रान्सफॉर्मर हा जो भाग आहे ना तो कंपनीने फारच उरकून टाकलाय. कंपनीचं नाव देत नाही, याच पद्धतीची किट्स बऱ्याच नावांनी मिळतात, त्यामुळे नाव बघू नका, आत काय आहे ते बघा, ते मी नीट सांगते.

माझी मुलगी दहाची आहे आणि भाचा सात वर्षांचा, शिवाय शेजारची मुलं येऊन जाऊन असतातच, त्या सगळ्यांनी मिळून हे किट चांगलं घासून वापरलंय. तर आत काय येतं, एक जनरेटर ज्याच्यावर पारदर्शक झाकण आहे, आतला गोल फिरणारा चुंबक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या तारेच्या कॉइल स्पष्ट दिसतात, त्याला गिअर आणि हँडल. मग हँडलच्या जागी बसवायला पाण्याचं चाक आणि पवनचक्कीची पाती. टॉर्चमध्ये पूर्वी असायचे तसे छोटे बल्ब तीन, प्रत्येकाला वेगळा स्विच, पुठ्ठ्याच्या घरांमध्ये बसवायचे. एक लाल आणि एक हिरवा एलईडी, उलटसुलट जोडलेले. एवढीशी सोलर प्लेट. दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, प्लास्टिकचे खांब, वायरची गुंडाळी, एक सुटा चुंबक, सेलचा डबा, माहितीची कार्डं आणि पुस्तिका.

शाळेत मुलं शिकतात ते सेल, स्विच आणि बल्ब जोडायला, ते चांगलंच आहे, पण त्यातून काय होतं की वीज म्हणजे सेलमधून निघणारी काहीतरी गोष्ट असं डोक्यात बसतं आणि मग घरातल्या वीजेबद्दल विचारलं तर मुलं सांगतात की कुठेतरी खूप मोठा सेल असेल. माझ्या भाच्याने हेच सांगितलं होतं, आणि त्याच्या जागी ते बरोबरच होतं, कारण त्याने वीज "तयार होताना" कधी पाहिलीच नव्हती. या किटची खरी किंमत इथेच वसूल होते. चुंबक फिरतो, शेजारी तारेची कॉइल आहे, चुंबक आणि कॉइल एकमेकांना कुठेही चिकटलेले नाहीत, मधे हवा आहे, आणि तरी दिवा लागतो. झाकण पारदर्शक असल्यामुळे मुलं डोळे लावून बघत बसतात की नक्की शिवतंय का कुठे. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये हे शोधलं आणि पुढच्याच वर्षी, 1832 मध्ये, पॅरिसमध्ये हिपोलित पिक्सी नावाच्या माणसाने हाताने फिरवायचं पहिलं असं जनरेटर बनवलं, म्हणजे मुलांच्या हातात जे आहे ते जवळपास तेच मशीन. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण पुस्तिकेत इतिहासाच्या नावाखाली "एडिसनने वीज शोधली" असं एक वाक्य टाकून विषय संपवलाय, जे चूक आहे, आणि मुलं असं एक वाक्य आयुष्यभर लक्षात ठेवतात.

आता लाल-हिरव्या एलईडीचं सांगते, कारण मला विचाराल तर अख्ख्या किटमध्ये सगळ्यात सुंदर गोष्ट ती आहे आणि पुस्तिकेत तिच्यावर फक्त दोन ओळी आहेत. एलईडीमधून करंट एकाच दिशेने जातो. दोन एलईडी उलटसुलट जोडले की करंट इकडून गेला तर लाल लागतो, तिकडून आला तर हिरवा. हँडल अगदी सावकाश फिरवलं की लाल, हिरवा, लाल, हिरवा असे आळीपाळीने लुकलुकतात, म्हणजे चुंबकाचं उत्तर टोक कॉइलजवळ येत असताना करंट एका दिशेला आणि ते दूर जाऊन दक्षिण टोक जवळ येत असताना उलट. एसी करंट म्हणजे काय हे डोळ्यांनी दिसतं हो, त्याला आलेख लागत नाही, साइन वेव्ह लागत नाही. मग वेगात फिरवलं की दोन्ही एकदम लागल्यासारखे वाटतात. इथे थांबू नका, खोलीत अंधार करा, एकाने हँडल जोरात फिरवायचं आणि दुसऱ्याने ती एलईडीची जोडी वायरसकट हातात धरून हवेत झपकन आडवी फिरवायची, अंधारात लाल तुकडा, हिरवा तुकडा, लाल तुकडा अशी तुटक रेघ दिसते. मुलगी ओरडलीच, "आई, ते अजूनपण आळीपाळीनेच लागतायत, आपल्याला कळत नव्हतं फक्त!" घरातल्या सॉकेटमध्येही हेच चाललेलं असतं, काही देशांत सेकंदाला 50 वेळा आणि काही देशांत 60 वेळा हे पूर्ण चक्र होतं, आणि 50 वाल्या ठिकाणी वीज केंद्रातलं उत्तर-दक्षिण अशी एकच जोडी असलेलं मोठं जनरेटर मिनिटाला बरोबर 3000 फेरे घेतं. हे सांगितल्यावर भाच्याने मिनिटाला आपण किती फिरवू शकतो ते मोजायचा नाद लावून घेतला तो वेगळा.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच किट्समध्ये जनरेटर म्हणून खेळण्यातली साधी मोटर बसवलेली असते. ती फिरवली की वीज येते, दिवाही लागतो, पण ती एकाच दिशेची, डीसी, कारण मोटरच्या आतला कम्युटेटर दिशा सरळ करून टाकतो. त्यात एका बाजूला फिरवलं की फक्त लाल आणि उलट फिरवलं की फक्त हिरवा लागतो, आळीपाळीने लागत नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणजे वीज लांब कशी जाते हा सगळा धडाच गेला. तेव्हा फिरणारा चुंबक आणि स्थिर कॉइल असलेलंच घ्या.

बरं, पण ज्याच्यासाठी मी सगळ्यांना हे किट घ्या म्हणते ते कारण अजून पुढेच आहे. तीन घरं, तीन बल्ब, तीन स्विच. सगळे स्विच बंद ठेवून हँडल फिरवायला सांगा, गरगर फिरतं, काही जोरच लागत नाही. मग फिरवत असतानाच दुसऱ्याने एक स्विच चालू करायचा. हँडल जड होतं. दुसरा चालू, अजून जड. तिसरा चालू केला की सात वर्षांच्या मुलाला दोन्ही हातांनी धरावं लागतं. काहीही अडकलेलं नाही, गिअर तेच, चुंबक तोच, समोरच्या पुठ्ठ्याच्या घरात कोणीतरी दिवा लावला एवढंच झालं आणि त्याचा भार इथे हाताला लागला. भाचा रागावून म्हणाला, "मावशी, तिला सांग ना बंद करायला, मला फिरवता येत नाहीये!" हे त्याला स्वतःच्या दंडातून कळलंय, आता ते कोणी पुसू शकत नाही.

मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं. आपण स्विच दाबला तर कुठेतरी टाकीत भरून ठेवलेली वीज थोडी कमी झाली असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लाईनमध्ये टाकी नाही. ज्या क्षणी वापरतो त्याच क्षणी कुठलं तरी जनरेटर तेवढं जास्त रेटून फिरवावं लागतं, नाही रेटलं तर सगळ्यांची गती मंदावते, आणि वीज केंद्रात आणि कंट्रोल रूममध्ये बसलेली माणसं आणि यंत्रं दिवसरात्र हेच बघत असतात की वापर आणि निर्मिती जुळतेय ना. साठवायचीच असेल तर वेगळी सोय करावी लागते, बॅटऱ्या लावा किंवा जास्तीची वीज असताना पंपाने पाणी वरच्या धरणात चढवा आणि लागेल तेव्हा खाली सोडा. उलटं पण करून बघा, तिन्ही दिवे चालू असताना कोणी एकदम सगळे बंद केले की हँडल हातातून सुटल्यासारखं पळतं, वीज केंद्रातही अचानक लोड गेला की टर्बाईन, म्हणजे जनरेटरला फिरवणारं पात्यांचं चाक, तसंच पळायला बघतं आणि त्याला आवरायला गव्हर्नर लागतो जो वाफ किंवा पाणी कमी करतो. आमच्याकडे मग मुलांनी स्वतःच खेळ काढला, एक जण वीज केंद्र, बाकीचे गाव, गावाने वाटेल तेव्हा दिवे लावायचे विझवायचे आणि वीज केंद्राने दिव्यांचा उजेड कमीजास्त होऊ द्यायचा नाही. काय घाम निघतो म्हणून सांगू.

यानंतर बल्ब काढून तिथे एलईडी लावा, आणि हात बदलल्यासारखा हलका होतो. बल्बवर 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर असं लिहिलेलं असतं, गुणाकार केला की पाऊण वॅट, एलईडीला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. "वीज वाचवा" असं शंभरदा सांगून जे होत नाही ते इथे हाताला कळतं.

माझ्या मुलीला आकडे आवडतात म्हणून आम्ही पुढे हिशोबही केला, तुम्हीही करा, किटमध्ये नाहीये तो. तिन्ही बल्ब नीट लागले म्हणजे आपण साधारण दोन सव्वादोन वॅट तयार करतोय. समजा दोन धरू. एक युनिट म्हणजे 1000 वॅट एक तासभर. मग दोन वॅटने एक युनिट करायला किती वेळ, तर 500 तास, न थांबता. चांगला धडधाकट माणूस सायकलवर बसून पाय मारेल तर 100 वॅट काढू शकतो, त्याला पण एका युनिटला 10 तास लागतील. आणि एक लिटर पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत न्यायचं तर आपल्या हँडलने जवळजवळ 47 तास फिरवावं लागेल, तेही थोडीसुद्धा उष्णता वाया न घालवता. ती आकडा बघून गप्पच झाली आणि मग गीझरकडे बघायला गेली की त्याच्यावर किती वॅट लिहिलेत. मला वाटतं युनिट म्हणजे काय हे मुलांना समजावायचा याच्यापेक्षा सरळ रस्ता नाही.

पाण्याचं चाक आणि पवनचक्कीबद्दल थोडक्यात. पवनचक्की टेबल फॅनसमोर छान चालते, एलईडी लागतो, बल्ब लागत नाही. पात्यांचा कोन बदलता येतो ही चांगली सोय आहे, पाती अगदी सपाट वाऱ्याकडे तोंड करून ठेवली तर फिरतच नाहीत, थोडी तिरपी केली की सुटतात, मुलांना हे शोधू द्या, सांगू नका. पाण्याच्या चाकाने मात्र मुलांची थोडी निराशा होते कारण बाटलीने पाणी ओतलं की एलईडी जेमतेम लुकलुकतो आणि संपलं. पुस्तिका त्याचं कारण सांगत नाही, आणि तेच तर सांगण्यासारखं आहे. लिटरभर पाणी अर्ध्या मीटरवरून पडलं तर त्यात असते फक्त पाच ज्यूल ऊर्जा, आणि त्यातलीही बरीच शिंतोड्यांत जाते. तेच 1000 लिटर पाणी 100 मीटरवरून खाली आणलं तर त्यात पाव युनिटपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते. म्हणून धरणं उंच, म्हणून पाणी इतकं प्रचंड. बाटली टेबलावर धरून ओता आणि मग स्टुलावर उभं राहून ओता (खाली टब ठेवा, बाथरूममध्ये करा), उजेडात फरक दिसतो, एवढ्याने मुद्दा पोचतो.

कार्डं मला आवडली नाहीत, चित्रं देखणी आहेत पण आतला मजकूर घाईत केलाय. कोळशाच्या कार्डावर कोळसा, मग बाण, मग दिवा. अणुऊर्जेच्या कार्डावर अणूचं चित्र, बाण, दिवा. मधलं सगळं गायब. मुलांना वाटतं कोळशात वीज असते आणि अणूतून वीज गळते. खरं म्हणजे दोन्हीकडे काम एकच आहे, पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेने टर्बाईन फिरवायचं आणि टर्बाईनने आपल्या या किटमधल्यासारखाच चुंबक फिरवायचा, फक्त आकाराने अवाढव्य आणि तोही तारेत करंट सोडून केलेला विद्युतचुंबक. चार्ल्स पार्सन्सने 1884 मध्ये जनरेटरला जोडलेलं वाफेचं टर्बाईन बनवलं, तेव्हापासून आजपर्यंत जगातली बरीचशी वीज वाफेवरच चाललीय. अणुभट्टीतही शेवटी पाणीच उकळतात हे ऐकल्यावर मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता, तिला वाटलं मी गंमत करतेय. आम्ही सगळी कार्डं जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, "इथे हँडल कोण फिरवतंय?" धरणात पाणी, पवनचक्कीत वारा, कोळशात वाफ, अणूत वाफ, गॅसमध्ये गरम वायू आणि बरेचदा त्याच्या उरलेल्या उष्णतेवर परत वाफ. आणि सोलर प्लेटवर येऊन सगळे अडले, कारण तिथे काहीच फिरत नाही. ही अडण्याची जागा फार मोलाची आहे, तिथे घाई करू नका, प्लेट उन्हात धरू द्या, हाताने झाकू द्या, कान लावून ऐकू द्या. एक गोष्ट मात्र कडक सांगते, पुस्तिकेत "मोठ्यांच्या मदतीने" किटलीच्या वाफेसमोर पाती धरायचा प्रयोग दिलाय तो अजिबात करू नका, वाफेचं भाजणं वाईट असतं आणि प्लास्टिकची पाती वाकतात, फुंकर मारून पातं फिरवलं तरी मुद्दा तोच कळतो.

आता लाईनचा भाग, जिथे माझी खरी तक्रार आहे. खांब रोवायचे, वायर ओढायची, एका टोकाला जनरेटर, दुसऱ्या टोकाला गाव. किटमधली वायर चांगली जाड आणि लांबी जेमतेम टेबलाएवढी. त्यामुळे होतं काय की ट्रान्सफॉर्मर लावा नाहीतर लावू नका, दिवा सारखाच लागतो, उलट ट्रान्सफॉर्मर लावल्यावर थोडा मंदच होतो कारण त्याच्या आत पण थोडी ऊर्जा जाते. मुलगी म्हणाली, "मग लावतातच कशाला?" बरोबर आहे तिचं! प्रश्नच उभा केला नाही तर उत्तराचं कोणाला काय. जाडजूड आखूड वायर देऊन कंपनीने लाईनचा सगळा त्रासच काढून टाकलाय, आणि त्रास दिसल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा.

उपाय सोपा आहे. 0.1 मिलिमीटर जाडीची एनॅमलची, म्हणजे वर रोगणासारखा पातळ थर असलेली, तांब्याची तार घ्या, मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे असते, केसासारखी बारीक. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला साधारण 2 ओहम. जाऊन-येऊन मिळून पाच मीटर वापरली, म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून जवळपास त्या भिंतीपर्यंत, की साधारण 10 ओहम झाले. टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडून काढा नाहीतर करंट जाणारच नाही. आता किटच्या वायरऐवजी ही लावून हँडल फिरवा. दिवा लागत नाही, फार तर बल्बच्या आतली तार लालसर दिसते. हिशोब बघा, दिव्याला 0.3 अँपिअर हवेत, ते 10 ओहममधून नेताना 3 व्होल्ट वाटेतच खर्च होणार, आणि दिव्याला हवेत अडीच. म्हणजे दिव्यापेक्षा जास्त वीज वायरच तापवण्यात गेली.

मग दोन ट्रान्सफॉर्मर लावा, जनरेटरजवळचा दहापट व्होल्टेज वाढवणारा, गावाजवळचा तेवढंच कमी करणारा. अडीच व्होल्टचे 25 होतात, 0.3 अँपिअरचे होतात 0.03. वाटेतलं नुकसान करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, करंट दहावा हिस्सा झाला की नुकसान शंभरावा हिस्सा. तीच केसासारखी तार, तेच हँडल, आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला दिवा लागतो. पूर्ण झगझगीत नाही, ट्रान्सफॉर्मर छोटे आहेत त्यामुळे थोडं त्यांच्यात जातंच, पण लागतो, व्यवस्थित लागतो. हँडल जोरात फिरवायला हवं पण, सावकाश फिरवलं तर हे छोटे ट्रान्सफॉर्मर नीट काम करत नाहीत, चुंबकत्व पटापट बदलत राहिलं तरच त्यांच्यातून ऊर्जा पलीकडे जाते. सगळी मुलं तिकडच्या भिंतीपाशी धावली आणि हँडलवाला ओरडतोय "लागला का? लागला का?" पुस्तिकेत हा प्रयोग असा दिला असता तर मी या किटला डोळे मिटून पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

आणि मग रस्त्याने जाताना मुलं वर बघायला लागतात. उंच टॉवर का, तारा इतक्या लांब का टांगल्यात, त्या काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बशांच्या माळा कशासाठी, आणि गल्लीतली डीपी म्हणजे आपला तो गावाजवळचा दुसरा ट्रान्सफॉर्मर! मोठ्या वीज केंद्रातलं जनरेटर साधारण 11 ते 25 हजार व्होल्ट देतं, ते तिथल्या तिथे वाढवून 4 लाख किंवा त्याहून जास्त व्होल्टवर लांबच्या लाईनवर टाकतात, मग सबस्टेशनांमधून टप्प्याटप्प्याने उतरवत उतरवत घरापाशी 230 व्होल्ट, काही देशांत 120. एडिसनचं खरं काम इथे सांगता येतं, 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीज केंद्र सुरू केलं आणि आसपासच्या इमारतींना वीज विकली, पण ती होती 110 व्होल्टच्या आसपासची डीसी, त्यामुळे केंद्रापासून फार लांब जाऊच शकली नाही, आपल्या बारीक तारेसारखीच गत. एसी आणि ट्रान्सफॉर्मर आल्यावर 1891 मध्ये जर्मनीत लाउफनहून फ्रँकफर्टपर्यंत 175 किलोमीटर वीज नेऊन दाखवली. खोलीभर लांब तारेवर दिवा लावून झालेल्या मुलांना हा 175 चा आकडा काय आहे ते समजतं, नुसतं वाचून नाही समजत.

ट्रान्सफॉर्मरचा अजून एक प्रयोग, हाही पुस्तिकेत नाही. कमी वेढ्यांच्या बाजूला दीड व्होल्टचा सेल जोडा आणि जास्त वेढ्यांच्या बाजूला ती लाल-हिरवी जोडी. सेल जोडलेला असताना काहीच लागत नाही. पण ज्या क्षणी जोडता त्या क्षणी एक रंग चमकतो आणि ज्या क्षणी काढता तेव्हा दुसरा. मधे कितीही वेळ ठेवा, अंधार. फॅरेडेलाही 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्यावर हेच दिसलं होतं, करंट दाखवणारी सुई फक्त जोडताना आणि तोडताना हलायची. बदल झाला तरच पलीकडे काही पोचतं, म्हणून एसी. फक्त हा करताना जास्त वेढ्यांच्या टोकांना हात लावू देऊ नका, सेल काढताना छोटा झटका बसू शकतो, एलईडी आधी जोडा मग सेल.

पुस्तिकेतली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे मधल्या पानावरचं ते मोठं रंगीत चित्र, ज्यात वीज केंद्रातून पिवळे हसरे इलेक्ट्रॉन निघतात, तारेवरून पळतात आणि घरातल्या दिव्यात उडी मारतात. मुलांना ते फार आवडतं आणि तेच डोक्यात पक्कं बसतं. तसं होत नाही ना पण. इलेक्ट्रॉन तारेत आधीपासूनच ठासून भरलेले असतात, डीसीमध्ये ते सरकतात ते गोगलगाईपेक्षाही हळू, सेकंदाला मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि एसीमध्ये तर जागच्या जागी पुढेमागे होतात, वीज केंद्रातला इलेक्ट्रॉन आपल्या घरी कधी येतच नाही. येते ती ऊर्जा, आणि ती जवळपास प्रकाशाच्या वेगाने येते. मी सायकल उलटी करून दाखवलं, पेडल इथे दाबलं की मागचं चाक लगेच फिरतं, साखळीची एक कडी पेडलपासून चाकापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही, सगळी साखळी एकदम हलते. पेडल पुढेमागे केलं तर साखळी पुढेमागे होईल, तो झाला एसी. हे पटल्यावर "दोन वायर का लागतात" हा प्रश्न आपोआप सुटतो, साखळी एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यायला हवी. ते पान मी फाडलं नाही, पण आम्ही त्याच्यावर पेनाने इलेक्ट्रॉन तारेभर काढून टाकले.

सुरक्षिततेचं सांगायलाच हवं. किटमध्ये जे काही तयार होतं ते अगदी कमी व्होल्टचं आहे, सेल काढतानाचा तो छोटा झटका सोडला तर काळजी नाही, पण मुलांना एकदा वायरी जोडायची सवय लागली की हात शिवशिवतात, तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट नियम, या किटची कुठलीही वायर भिंतीतल्या सॉकेटच्या जवळही न्यायची नाही. फ्यूजचा प्रयोग त्यासाठी कामाला येतो, स्टील वूलचा एक धागा सर्किटमध्ये घालून नवीन सेलवर शॉर्ट करायचा, धागा लाल होऊन तुटतो (मोठ्यांनी करायचं, चिमट्याने, खाली स्टीलचं ताट). मग एमसीबी, म्हणजे घरातल्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, का ट्रिप होते ते सांगायला सोपं जातं. शॉर्ट सर्किट हँडलवर पण जाणवतं, जनरेटरच्या दोन्ही वायरी एकमेकांना टेकवल्या की हँडल सगळ्यात जड होतं, तिन्ही दिव्यांपेक्षाही. थोडा वेळच करा, कॉइल तापते. दुसरं म्हणजे तो सुटा चुंबक. एकटा असेल तर ठीक, पण घरात दुसरे तसलेच छोटे ताकदवान चुंबक असतील आणि लहान मुलाने दोन गिळले तर पोटात आतडी मधे धरून ते एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनपर्यंत पाळी येते, यात अतिशयोक्ती नाही. घरात अगदी लहान मूल असेल तर तो चुंबक पहिल्याच दिवशी काढून वर ठेवा, बाकीचं किट त्याच्याशिवाय अडत नाही.

बारीकसारीक कुरबुरी पण आहेत. मगरक्लिपा फारच नाजूक, वायर क्लिपमधून निसटते आणि मग मुलांना वाटतं प्रयोग चुकला, मी सगळ्या क्लिपांची टोकं पक्कडीने नीट दाबून घेतली. हँडलचा स्क्रू ढिला होत राहतो, छोटा स्क्रूड्रायव्हर किटमध्ये द्यायला हवा होता. गिअर आवाज करतात, रात्री शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा. पुठ्ठ्याची घरं पाण्याचा प्रयोग झाला की गेलीच म्हणून समजा. आणि साधा मल्टिमीटर घरात असेल तर जोडीला घ्या, एसीच्या रेंजवर ठेवून हँडलचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही वाढताना बघणं हा मोठ्या मुलांसाठी स्वतंत्र एक तासाचा उद्योग आहे.

आठच्या आतल्या मुलांना हँडल, तीन स्विच आणि लाल-हिरवे दिवे एवढंच द्या, त्यात त्यांचं भरपूर होतं, ट्रान्सफॉर्मरचा खोका उघडूच नका. दहाच्या पुढच्यांना मात्र बारीक तार आधी आणून ठेवूनच बसवा, तार नसताना लाईनचा भाग करूच नका, फुकट कंटाळतील. शिक्षकांनी वर्गासाठी घ्यायचं असेल तर एका किटभोवती चार-पाच मुलांपेक्षा जास्त नकोत, कारण प्रत्येकाचा हात हँडलवर पडायलाच हवा, लांबून बघून जड काय झालं ते कळत नाही. बल्ब जास्तीचे घेऊन ठेवा, अडीच व्होल्टचेच, ओळीने दोन दिवे बंद केले की तिसऱ्यावर मुलं इतक्या जोरात फिरवतात की तो उडतो, आणि किटमध्ये जादा एकही दिलेला नाही.